पूजावस्त्रे धर्मग्रामाची आहेत : प्रमुख धर्मगुरू आणि धर्मग्राम मंडळास खुले पत्र

आदरणीय प्रमुख धर्मगुरू, सहायक धर्मगुरू आणि धर्मग्राम मंडळाचे सर्व सदस्य,

ख्रिस्तात सप्रेम नमस्कार.

चर्चच्या दुरुस्तीसाठी सॅक्रिस्टी, म्हणजे पूजेची वस्त्रे आणि साहित्य ठेवायची खोली, रिकामी करायची, तिथली जुनी पूजावस्त्रे काढून टाकायची, त्यांतली बरी असतील ती नाटकमंडळाला द्यायची, जरीकामाचे नग जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला दाखवायचे आणि येत्या सणापासून एका दात्याने दिलेला एकसारखा नवा संच वापरायचा, असा ठराव मंडळाने केला आहे. रविवारी मिस्सेनंतरच्या, म्हणजे वेदीवरच्या मुख्य उपासनेनंतरच्या, सूचनांमध्ये तो वाचून दाखवला गेला. कोणी काही बोलले नाही, कारण सूचनांच्या वेळी कोणी बोलत नसते. दुसऱ्या दिवशी मी कार्यालयात लेखी अर्ज दिला. "मंडळाचा निर्णय झाला आहे," एवढेच तोंडी उत्तर मिळाले. म्हणून हे पत्र खुले लिहीत आहे. त्या कपाटात जे आहे ते साऱ्या धर्मग्रामाचे, म्हणजे या चर्चला जोडलेल्या सर्व कुटुंबांचे आहे, तेव्हा त्याबद्दलचे म्हणणेही साऱ्या धर्मग्रामाने वाचावे.

मी कोण, ते आधी सांगते. मी शिवणकामावर घर चालवलेली बाई आहे. धर्मशास्त्र शिकलेली नाही. पण वेदीची आणि धर्मगुरूंची वस्त्रे धुणे, इस्त्री करणे, उसवले तर शिवणे हे काम आमच्या घरात आईच्या काळापासून आहे. सॅक्रिस्टीतून गाठोडे आले की आई वेदीची लहान कापडे वेगळी काढायची आणि हाताने धुवायची. पहिले पाणी ती मोरीत कधी सोडत नसे. माडाच्या आळ्यात ओतायची, कारण मिस्सेत ख्रिस्ताचे रक्त झालेल्या द्राक्षारसाचा त्या कापडाला स्पर्श झालेला असतो. कॉर्पोरलची, म्हणजे वेदीवर पवित्र भाकरीखाली अंथरायच्या चौकोनी कापडाची, घडी तिने मला लहानपणीच शिकवली: उभ्या तीन, आडव्या तीन, सगळ्या आतल्या अंगाला, म्हणजे उलगडले की नऊ चौकोन दिसतात आणि पवित्र भाकरीचा एखादा कण राहिलाच तर तो घडीच्या आतच राहतो. पुढे रोमच्या सूचनांमध्येही पहिले पाणी जमिनीत मुरवावे असे लिहिलेले वाचले, तेव्हा वसईच्या एका वाडीतली चौथीही न शिकलेली बाई काय जपत होती ते मला उमगले.

माझा थोरला भाऊ धर्मगुरू होता. गुरुदीक्षेच्या दिवशी बिशपांनी त्याच्या तळहातांना पवित्र तेल लावले. ते ज्या पट्टीने पुसले ती आईने जपून ठेवली, आणि आई गेली तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या हातांत दिली. भाऊ गेला तेव्हा त्याला मिस्सेच्या पूर्ण वस्त्रांत पेटीत ठेवले. ही वस्त्रे आमच्या घरात कोणत्या जागी आहेत ते यावरून कळावे. मंडळाच्या ठरावात ती अडगळीच्या यादीत आली, हे मला मुकाट्याने सोसवत नाही.

फादर, या वस्त्रांचा अर्थ तुम्हाला सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण मंडळातल्या अनेकांना तो कोणी सांगितलेला नसावा, आणि हे पत्र वाचणाऱ्या तरुण मुलामुलींनाही नसावा. म्हणून थोडे लिहिते.

मिस्सेसाठी तयार होताना धर्मगुरू जो पांढरा पायघोळ झगा घालतात, तो आल्ब. चर्चच्या नियमाप्रमाणे हे वस्त्र कोणत्याही दर्जाच्या वेदीसेवकासाठी सामाईक आहे; बिशपांना तेच, डीकनला तेच. ते आले आपल्या बाप्तिस्म्यातून. बाळाच्या डोक्यावर पाणी ओतले की त्याच्या अंगावर पांढरे वस्त्र घालतात आणि ते निष्कलंक राखून सार्वकालिक जीवनापर्यंत ने, असे सांगतात. संत पौलाने गलतीकरांना लिहिले आहे की ज्यांचा ख्रिस्तामध्ये बाप्तिस्मा झाला त्यांनी ख्रिस्ताला परिधान केले आहे. माणूस मरतो तेव्हा पेटीवर पांढरी चादर घालण्याची रीत आहे, तीही त्याच वस्त्राची आठवण. म्हणजे वेदीकडे जाणारा धर्मगुरू आधी आपल्या सगळ्यांचे वस्त्र अंगावर चढवतो. त्याच्या गुरुदीक्षेची खूण त्या झग्याच्या वर येते, गळ्यातल्या लांब पट्टीच्या म्हणजे स्टोलच्या आणि सर्वांत वरच्या घेरदार वस्त्राच्या म्हणजे चॅझुबलच्या रूपाने.

जुन्या मिस्साग्रंथात प्रत्येक वस्त्रासाठी एक छोटी प्रार्थना होती. खांद्यावर आमिसचे चौकोनी कापड घेताना तारणाचे शिरस्त्राण मागायचे. आल्ब घालताना, कोकराच्या रक्ताने मला शुभ्र कर, असे म्हणायचे. कमरेची दोरी बांधताना शुद्धता मागायची. स्टोलवरच्या क्रुसाचे चुंबन घेऊन तो गळ्यात घालताना, आमच्या आद्य आईबापांच्या पापाने गमावलेले अमरत्वाचे वस्त्र मला परत दे, अशी याचना करायची. शेवटी सर्वांत वरचे चॅझुबल, आणि त्यासोबत प्रभूचे मत्तयाच्या शुभवर्तमानातले वचन: "माझे जू सोयीचे व माझे ओझे हलके आहे." आज या प्रार्थना सक्तीच्या नाहीत. तरी पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 च्या पवित्र गुरुवारी धर्मगुरूंसमोर याच प्रार्थनांचा अर्थ उलगडून सांगितला होता. माझा भाऊ त्या मराठीत म्हणायचा, हलक्या आवाजात, आणि तेवढा वेळ सॅक्रिस्टीत कोणी त्याच्याशी बोललेले त्याला चालत नसे.

ही वस्त्रे आकाशातून पडलेली नाहीत. रोमन साम्राज्यात साधी माणसे जो अंगरखा घालत आणि प्रवासात जे घेरदार बाह्यवस्त्र अंगावर टाकत, त्यांतून आल्ब आणि चॅझुबल आले. लोकांची पेहरावाची पद्धत बदलत गेली, वेदीपाशी जुनी टिकली. सुरुवातीला चर्चला वेगळ्या पोशाखाचे कौतुक नव्हते. इ. स. 428 मध्ये पोप पहिले सेलेस्टीन यांनी गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागातल्या, बिशपांना पत्र लिहून खडसावले होते की धर्मगुरूंचे वेगळेपण शिकवणुकीत दिसावे, पोशाखात नको. सेलेस्टीन यांचे ते पत्र कोणी माझ्या विरोधात पुढे करील म्हणून मीच ते पुढे ठेवते. सेलेस्टीन यांचा राग होता तो स्वतःकडे लक्ष वेधून घेणाऱ्या पोशाखावर, आणि माझे म्हणणेही त्याच अंगाने जाते. मिस्सेचे वस्त्र माणसाला झाकते. आत कोण आहे, गोरा की काळा, श्रीमंत घरातला की मासेमाऱ्याचा मुलगा, आपल्याला आवडणारा की न आवडणारा, हे त्या घेराखाली जाते आणि समोर ख्रिस्ताचा सेवक उभा राहतो. आमच्याकडे किती धर्मगुरू आले आणि बदलून गेले. कोणाशी आमचे पटले, कोणाशी नाही. पण चॅझुबल घालून कोणीही वेदीवर आला की मिस्सा तीच होती, आणि पुढच्या बाकावरचे त्याचे विरोधकही "आमेन" म्हणून जीभ पुढे करत होते.

आता माझ्या तक्रारी.

सर्वांत मोठी तक्रार जुन्या वस्त्रांच्या विल्हेवाटीची. ठरावात त्यांना 'न वापरातले' म्हटले आहे. त्यांतले एक लाल चॅझुबल मी अनेकदा मांडीवर घेऊन शिवले आहे, त्याचे वर्णन करते. ते जुन्या घाटाचे आहे, ताठ, पुढून हातांसाठी कोरून काढलेले. पुढच्या बाजूला काम बेताचे आणि पाठीवर मात्र खांद्यापासून खालपर्यंत जरीचा क्रूस. कारण दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (जगभरच्या बिशपांची रोममधली परिषद) बदल होईपर्यंत धर्मगुरू वेदीकडे तोंड करून मिस्सा अर्पण करत, लोकांना दिसे ती पाठ. क्रुसाची जरतार कापडातून आरपार नेलेली नाही. वर मांडून बारीक टाक्यांनी जागोजाग धरून ठेवली आहे, म्हणून एक टाका सुटला की बोटभर तार उभी राहते. पुढची खालची कड झिजून पातळ झाली आहे, कारण तिथे ते वेदीला घासत असे. मानेजवळच्या अस्तरावर घामाचे पिवळे डाग आहेत, एकावर एक, कोणत्या फादरांचे ते आता कोणी सांगू शकणार नाही. खाली अस्तराला दोन ठिगळे आहेत. एक आईचे आहे, मला तिचा टाका ओळखता येतो. दुसरे तिच्या आधीच्या कोणाचे तरी.

हे चॅझुबल हुतात्म्यांच्या दिवशी काढले जाई. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांना 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत क्रुसावर मारण्यात आले. त्यांच्या सणाला लाल वस्त्र असते. ते स्वतः धर्मगुरू नव्हते, फ्रान्सिस्कन बंधू होते, त्यांनी कधी चॅझुबल घातले नाही. पण त्यांच्या गावची माणसे त्यांच्या रक्ताची आठवण त्या कापडाच्या रंगातून करत आली. हे कापड व्यापाऱ्याने तोलून नेले आणि कोणाच्या दिवाणखान्यात काचेमागे टांगले गेले, तर ती आठवण त्याच्याबरोबर गेली. आपल्या किल्ल्यातल्या चर्चच्या भिंती आजही उभ्या आहेत. त्या भिंतींच्या आत लोक कसे उपासना करत हे आपल्या मुलांना दाखवायला आपल्या हातात दगडांखेरीज फार काही नाही. जे थोडे उरले आहे तेही आपल्याच हाताने द्यायचे का?

एल साल्वादोर देशातल्या सान साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना 24 मार्च 1980 रोजी मिस्सा चालू असताना गोळी घातली गेली. रक्ताने माखलेली त्यांची वस्त्रे तिथल्या लोकांनी जपून ठेवली आहेत. ती धुऊन कोणी पुन्हा वापरात घेतली नाहीत, की कोणाला विकली नाहीत. गोव्यात जुन्या गोव्याच्या सांता मोनिका मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे, तिथेही जुनी पूजावस्त्रे काळजीने राखली आहेत. आपल्याला संग्रहालय उभारायला कोणी सांगत नाही. पण विकण्याआधी विचारावे तरी.

आणि हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 4 डिसेंबर 1963 रोजी उपासनेवरचा जो दस्तऐवज मंजूर केला, त्याच्या 126 व्या परिच्छेदात म्हटले आहे की पवित्र वस्तू आणि मोलाच्या कलाकृती हातच्या जाऊ नयेत किंवा इतस्ततः विखुरल्या जाऊ नयेत याची बिशपांनी काळजी घ्यावी, कारण ते देवाच्या घराचे अलंकार आहेत. चर्चच्या कायद्याच्या 1983 च्या धर्मसंहितेतला 1171 वा नियम सांगतो की आशीर्वादित वस्तू आदराने वागवाव्यात, ऐहिक किंवा अनुचित कामासाठी वापरू नयेत. 1283 वा नियम सांगतो की सांस्कृतिक मोलाच्या जंगम वस्तूंची नीट यादी हवी. 1292 व्या नियमाप्रमाणे कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मौल्यवान वस्तू विकायची तर रोमची परवानगी लागते. आपल्या सॅक्रिस्टीत काय काय आहे याची यादी कुठे आहे? कोणती वस्तू मौल्यवान आणि कोणती नाही, हे कोणी पाहून ठरवले? मंडळात या विषयातले जाणकार कोणी नाही, आणि बिशप हाउसला विचारल्याचे ठरावात कुठे लिहिलेले नाही.

वस्त्र खरोखरच जीर्ण झाले, शिवण्यापलीकडे गेले, तर ते काय करायचे याची रीत आहे. ते जाळायचे आणि राख पवित्र जागी मातीत पुरायची. आईने असे केलेले मी पाहिले आहे. त्यासाठी ती आता भरून ठेवली आहेत तशी गोणपाटात भरावी लागत नाहीत.

दुसरी तक्रार नाटकमंडळाची, ती थोडक्यात. गेल्या वर्षी प्रभूच्या दुःखसहनाच्या नाटकात कयफाच्या अंगावर आपला जुना कोप, म्हणजे मिरवणुकीत घालायचे लांब बाह्यवस्त्र, होता. ज्या वस्त्रात पवित्र साक्रामेंताची, म्हणजे पवित्र भाकरीची, मिरवणूक निघाली, त्याच वस्त्रात प्रभूला मरणदंडाला पात्र ठरवणारा महायाजक रंगमंचावर उभा होता. मुलांनी मनापासून काम केले, त्यांचा दोष नाही. त्यांना जे दिले ते त्यांनी घातले. नाटकाचे कपडे मी आणि माझ्यासारख्या चारजणी बसून शिवून देऊ, कापडाचे पैसेही मागणार नाही.

तिसरी तक्रार नव्या संचाची. त्याचा नमुना काही जणांच्या फोनवर आला आहे. पाठीवर खालच्या बाजूला दात्याच्या कुटुंबाचे नाव आणि त्यांच्या व्यवसायाचे चिन्ह आहे. दाता आपल्यातलाच आहे, त्याच्या मनात भक्ती असेल, त्याच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. माझा प्रश्न मंडळाला आहे, कारण हो म्हणाले ते मंडळ.

निर्गमच्या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात अहरोनासाठी वस्त्रे कशी करावीत ते देवाने मोशेला सांगितले आहे. त्या वस्त्रांवर नावे होती. खांद्यांवरच्या दोन गोमेद रत्नांवर सहा-सहा, उरपटावरच्या बारा रत्नांवर एकेक. बाराही वंशांची नावे, एकही वगळलेले नाही, आणि त्या वस्त्रांसाठी सोने देणाऱ्या कोणाचेही नाव तिथे नाही. याजकाने पवित्र स्थानी जाताना साऱ्या लोकांची नावे हृदयावर वाहून न्यायची होती. पोप फ्रान्सिस निवडून आले त्यानंतर दोनच आठवड्यांनी, 28 मार्च 2013 च्या पवित्र गुरुवारी, त्यांनी धर्मगुरूंना याच अध्यायाची आठवण करून दिली. आपले साधे चॅझुबल अंगावर घेताना आपल्या विश्वासू लोकांचे ओझे आणि त्यांचे चेहरे खांद्यावर आणि हृदयात जाणवावेत, असे ते म्हणाले. आता सांगा, त्या चॅझुबलवर एकाच घराचे नाव विणले, तर बाकीच्या घरांचे काय झाले? आणि नियमही आहे. रोमन मिस्साग्रंथाच्या सर्वसाधारण सूचनांमधला 344 वा परिच्छेद सांगतो की पूजावस्त्रावर नक्षी करायची तर पवित्र उपयोग सुचवणारी चित्रे-चिन्हे असावीत, अनुचित काही नसावे. दुकानाचे चिन्ह यांत कसे बसते?

आधीची वस्त्रेही कोणी तरी दिलेलीच होती. आमच्या वाड्यांतल्या बायका पहाटेच्या गाडीने दादरला भाजी, केळी, फुले विकायला जात. टोपलीतल्या कमाईतून बाजूला काढलेले चार पैसे सणाच्या वेळी चर्चच्या वस्त्रांसाठी येत. त्यांची नावे कुठल्याच चॅझुबलवर नाहीत. त्यांनी मागितलीही नव्हती.

चौथी तक्रार खुद्द धर्मगुरूंना उद्देशून आहे, आणि ती मी मान राखून करते. मे महिन्यात वाडीतल्या क्रुसापाशी मिस्सा असते तेव्हा फादर शर्ट-पॅन्टवर नुसता स्टोल घालून मिस्सा अर्पण करतात. विचारले तर उकाड्याचे कारण मिळते. उकाडा आहे, मी नाकारत नाही. मांडवात पंखाही नसतो. पण 2004 मध्ये रोमने काढलेल्या सूचनापत्रात साध्या कपड्यांवर केवळ स्टोल घालून मिस्सा अर्पण करणे हा गैरप्रकार म्हणून स्पष्ट नमूद केला आहे. व्हिएतनामचे आर्चबिशप फ्रान्सिस झेवियर व्हान थ्वान यांनी कैदेत असताना तळहातावर द्राक्षारसाचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन मिस्सा अर्पण केली. त्यांच्यापाशी ना वेदी होती, ना वस्त्र, आणि त्या मिस्सेला काही कमी होते असे कोणी म्हणणार नाही. त्यांच्याकडून हिरावून घेतले होते ते आपण कपाटात ठेवून येतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

उकाड्यावर उपाय आहे, आणि तो या देशासाठी मान्यही झालेला आहे. 25 एप्रिल 1969 रोजी रोमने भारतातल्या बिशपांच्या विनंतीवरून उपासनेतले बारा स्थानिक बदल मंजूर केले. अंजली, आरती, समई यांच्याबरोबर त्यांत हेही होते की रोमन पद्धतीच्या वस्त्रांऐवजी झग्यासारखे एकच सलग चॅझुबल आणि अंगवस्त्रासारखा स्टोल वापरता येईल. त्या त्या प्रदेशातले नैसर्गिक कापड वापरायलाही मिस्साग्रंथाच्या सूचनांची हरकत नाही. मग आपण पॉलिएस्टर का घेतो? नव्या संचाचे कापड मी हाताळले आहे; त्यातून वारा जात नाही, ते घाम टिपत नाही, आणि दोन वर्षांत त्याची छपाई उडेल. हातमागाची पातळ खादी घ्या, मोकळा घेर ठेवा, अस्तर लावू नका. सणासाठी हवे तर येवल्याच्या रेशमाचा काठ लावा. उन्हाळ्यात अंगावर शर्ट-पॅन्टपेक्षा ते जास्त सुखाचे होईल, हे मी कापड कळणारी बाई म्हणून सांगते.

मंडळातले एक सदस्य मला म्हणाले, "देव मन बघतो, कपडा बघत नाही." खरे आहे, शमुवेलाला देवाने तेच सांगितले. लांब झगे घालून मिरवणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा, असे प्रभूही म्हणाला. शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याने स्वतःचे बाह्यवस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुतले. पण प्रभूने त्या रात्री जे केले ते आपण वस्त्रासकट लक्षात ठेवले आहे, कारण योहानाने रुमालही लिहून ठेवला. देवाला वस्त्राची गरज नाही, आपल्याला आहे. देहाची माणसे आहोत आपण, डोळ्यांनी पाहून, हातांनी शिवून आणि नाकाने धूप हुंगून प्रार्थना करणारी. जांभळे वस्त्र दिसले की माझ्या नातवाला कळते की नाताळ किंवा ईस्टर जवळ येतो आहे आणि अजून आलेला नाही. हिरवे दिसले की सामान्यकाळ. वर्षातून दोन रविवार गुलाबी असते, तेव्हा तो आधी हसतो आणि मग विचारतो, का. या प्रश्नातून मी त्याला जेवढा धर्म शिकवला तेवढा पुस्तकातून शिकवता आला नसता.

मला थाटाचा सोस नाही. काही ठिकाणी तरुण धर्मगुरूंमध्ये भरजरी कापडाची आणि रुंद लेसची हौस पुन्हा दिसते, ती मला रुचत नाही. परिषदेनेही भपक्यापेक्षा उदात्त सौंदर्य राखा असेच म्हटले आहे, आणि वस्त्रांनाही ते लागू आहे असे तिथेच लिहिले आहे. स्वच्छ धुतलेले, नीट इस्त्री केलेले, ऋतूला शोभणारे, खांद्यावर बरोबर बसणारे साधे वस्त्र असावे. चुरगळलेल्या आल्बची दोरी लोंबते आहे आणि खालून पॅन्टची मोहरी दिसते आहे, असे धर्मगुरू वेदीवर येतात तेव्हा माझे लक्ष वेदीवरून त्या मोहरीवर जाते. त्यात त्यांचाच दोष आहे असे नाही. ती वस्त्रे वेळेवर धुतली जातात का, मापाची आहेत का, हे पाहणारे माणूस आज सॅक्रिस्टीत नाही.

आता मागण्या. जुन्या वस्त्रांच्या विल्हेवाटीचा ठराव तात्काळ थांबवावा. जी गोणपाटात भरून सभागृहाच्या जिन्याखाली ठेवली आहेत ती आजच बाहेर काढावीत, कारण तिथे ओल आहे आणि पावसाळा तोंडावर आहे. जरीला ओल लागली की ती काळी पडते आणि मग कोणी काही करू शकत नाही. सॅक्रिस्टीतल्या प्रत्येक वस्त्राची छायाचित्रासह यादी करावी, तिची एक प्रत बिशप हाउसला द्यावी आणि एक कार्यालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. काय राखायचे, काय दुरुस्त करायचे आणि काय रीतीने जाळायचे हे ती यादी पाहून, जाणकाराला विचारून ठरवावे. विक्रीचा विषय बिशपांच्या लेखी परवानगीशिवाय आणि जिथे रोमची लागते तिथे तिच्याशिवाय पुन्हा काढू नये.

नाटकासाठी पूजावस्त्रे देणे बंद करावे. नव्या संचावर कोणाचेही नाव किंवा चिन्ह नसावे. दात्याचे आभार नोंदवहीत लिहावेत आणि मिस्सेत त्याच्यासाठी प्रार्थना करावी, जशी इतर सर्वांसाठी होते. तो संच अजून शिवायला टाकलेला नसेल तर कापड बदलावे. वाडीतल्या मिस्सेसाठी सुती, हलकी, पूर्ण वस्त्रे ठेवावीत आणि धर्मगुरूंनी ती घालावीत. आणि मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणात एक तास सॅक्रिस्टीत घ्यावा, वस्त्रे हातात देऊन.

शिवणकामाची जबाबदारी आम्ही घेतो. वेगवेगळ्या वाड्यांतल्या बायकांशी मी बोलले आहे. मशीन आमच्या घरी आहेत, वेळ आम्ही काढू, आणि हलक्या वस्त्रांच्या कापडाची वर्गणीही आमच्यात जमेल. जुन्या जरीकामाला मात्र आम्ही हात लावणार नाही. ते काम अवगत असलेल्या माणसाकडूनच करून घ्यावे.

मंडळाची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी असते. हा विषय त्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि आमच्यापैकी तिघींना म्हणणे मांडायला बोलवावे, अशी विनंती आहे. तोपर्यंत लाल चॅझुबल आणि त्याबरोबरची वस्त्रे व्यापाऱ्याला दाखवू नयेत. उत्तर लेखी द्यावे. ते सूचनांच्या वेळी सर्वांसमोर वाचले गेले तर अधिक बरे, कारण ठरावही तिथेच वाचला गेला होता.

ख्रिस्तात आपली,
धर्मग्रामातील एक शिवणकाम करणारी